टेंच पहाटे, पर्च संध्याकाळी

या महिन्याची पत्रं इंग्लंडमधल्या वाचकांची आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच आहे: मित्रांनी मिळून शनिवार-रविवारसाठी घेतलेलं तळं. सर्वांत लांबलचक पत्राला सर्वांत लांबलचक उत्तर देते. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: आम्ही आठ जणांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांसाठी एक खासगी तळं घेतलं आहे. मालक म्हणतो, टेंच भरपूर आणि पर्चही चांगले मोठे. मी आजवर फक्त ट्राउट धरले आहेत. दोन्ही मासे मिळावेत अशी इच्छा आहे. जागा कशी निवडू, काय लावू? – लेस्टरहून एक वाचक

दोन्ही मिळतील, पण एका रॉडवर, एकाच जागी, एकाच वेळी मिळवायला जाऊ नका. तळ्यावरच्या गटांत मी हेच सारखं बघते. टेंचसाठी चारा टाकायचा, अर्ध्या तासात काही हललं नाही की गांडूळ लावून पर्चच्या मागे जायचं, तिथेही धीर सुटला की परत पहिल्या जागी. रविवारी दुपारी हात रिकामे. टेंच हा बसून राहणाऱ्याचा मासा आहे आणि पर्च फिरणाऱ्याचा. म्हणून दिवस वाटून घ्या: पहाट टेंचला, संध्याकाळ पर्चला, मधली दुपार झोपेला.

पोचल्या पोचल्या गाडीतून सामान काढू नका. हात खिशात घालून तळ्याला एक फेरी मारा. बाकीचे तंबू ठोकत असतात, तेवढ्यात तुमची जागा ठरते. (जागांच्या चिठ्ठ्या टाकायच्या असतील तर फेरी आधी, चिठ्ठ्या नंतर.) टेंचसाठी लिलीच्या पानांची कड शोधा, चार ते सहा फूट पाणी, तळाशी मऊ गाळ. लिलीच्या आत नव्हे, कडेला. खोली अंदाजाने धरू नका, गळाला वजन अडकवून मोजा. खोलीत दोन इंचांची चूक झाली तर पुढे जे सांगणार आहे त्यातलं काहीच चालणार नाही.

मालकाची परवानगी असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच ती जागा दाताळ्याने खरवडून घ्या. दोरी बांधलेलं दाताळं फेकायचं, ओढायचं, वनस्पती काठावर काढायच्या. एवढ्या धिंगाण्याने मासे पळून जातील असं वाटतं, पण घडतं उलटं. ढवळलेल्या गाळातून किडे, अळ्या, गोगलगाई वर येतात आणि गढूळ पाण्यात टेंच निर्धास्त होऊन चरतो. मग चारा: ब्रेडचा चुरा, भिजवून उकळलेलं हेम्पचं बी, मूठभर मका, थोडी चिरलेली गांडुळं. संत्र्याएवढे पाच-सहा गोळे पुरेत. पहाटे आणखी एक-दोन, तेही हलक्या हाताने.

आता फ्लोट, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणारी तरंगती काडी. दूर फेकायचा फीडर (चारा भरलेली वजनदार जाळीची नळी) वाईट नाही, पण लिलीच्या कडेला, काठापासून दोन रॉडच्या अंतरात बसणार असाल तर मी जुनी ‘लिफ्ट’ पद्धतच सुचवेन. मोरपिसाच्या देठाचा फ्लोट फक्त खालच्या टोकाला रबराने दोरीला बांधायचा. गळापासून दोन-तीन इंचांवर वजनाचा एकच मोठा मणी, तो तळावर टेकलेला. फ्लोट ते मणी हे अंतर पाण्याच्या खोलीपेक्षा जरासं जास्त. रॉड टेकणीवर ठेवून रील हळूहळू फिरवायचं. दोरी ताणली गेली की आडवा पडलेला फ्लोट उभा राहतो आणि त्याचं फक्त टोक पाण्याबाहेर उरतं. टेंच आमिष उचलायला डोकं खाली घालतो आणि सरळ होताना आमिषासोबत तो मणीही तळावरून उचलतो. खालचा भार गेला की फ्लोट बुडत नाही, वर येतो! इंच, दोन इंच, आणि मग पाण्यावर आडवा होतो. ट्राउटवाल्याला हे पचायला जड जातं, कारण त्याचे डोळे बुडणाऱ्या फ्लोटसाठी तयार असतात. वर यायला लागला की ओढा, आडवा व्हायची वाट बघू नका.

त्याआधी फ्लोट नुसता थरथरेल, बाजूला सरकेल, मधेच बुचकळेल. तो बहुतेक वेळा दोरीला घासून जाणारा मासा असतो. तेव्हा हात आवरा. दरवेळी ओढलंत तर चरणारा कळप बिथरतो.

टेंच आलाय हे बुडबुड्यांवरून कळतं. टाचणीच्या डोक्याएवढे, फेसासारखे, झुबक्याने येतात. एक झुबका इथे, दुसरा हातभर पुढे. तो गाळ चाळत पुढे सरकत असतो. एकाच जागी अधूनमधून येणारे मोठे बुडबुडे म्हणजे तळाशी कुजणाऱ्या पानांचा वायू. त्यांच्याकडे बघत तास घालवू नका. इंग्लंडच्या दक्षिणेत त्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो. तुम्ही चारला जागेवर असायला हवं. नऊ-दहा वाजेपर्यंत खेळ असतो, आभाळ भरलेलं असलं तर अजून लांबतो.

दोरी सहा पौंडांचा ताण सोसणारी, गळ दहा नंबरचा (नंबर जितका लहान, गळ तितका मोठा), उलटा काटा नसलेला, त्यावर मक्याचे दोन दाणे किंवा एक छोटं लाल गांडूळ. कमी ताकदीची दोरी नको. टेंचच्या शेपटीचं बूड मनगटाएवढं जाड असतं आणि गळ लागला की तो थेट लिलीच्या मुळांकडे जातो. रॉड आडवा धरून बाजूने ताण द्या, वर उचलू नका. हातजाळ्यात आला की एकदा नीट बघा: हिरवट सोनेरी अंग, इतके बारीक खवले की बोटाला जाणवतही नाहीत, जाड बुळबुळीत थर आणि तो तांबडा इवलासा डोळा. पोटाखालचे पर मोठे, चमच्यासारखे असतील तर नर. हात आणि मासा ठेवायची गादी ओली करूनच त्याला टेकवा, तो बुळबुळीत थर त्याचं संरक्षण आहे. ब्रिटिश विक्रम 15 पौंडांच्या वर आहे. पण चार-पाच पौंडांचा टेंच मिळाला तर मित्रांना जरूर उठवा.

पर्चसाठी दुपारनंतर रॉड बदला. चार पौंडांची दोरी, सहा नंबरचा गळ, जाडंजुडं गांडूळ, लहानसा फ्लोट. धक्का, बुडालेलं झाड, काठालगतचा एकदम खोल होणारा उतार, अशा आडोशाच्या जागा एकेक करून बघा. प्रत्येक ठिकाणी आधी चिमूटभर लाल अळ्या टाकत राहा. त्या खायला बारीक मासे जमतात, आणि बारीक माशांमागे पर्च येतो. वीस मिनिटांत काही नाही? पुढची जागा. सूर्य कलल्यावर बारीक मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसले तर प्रश्नच मिटला, गांडूळ तिथेच टाका. दोन पौंडांचा पर्च म्हणजे छान मासा, तीनचा म्हणजे फोटो. विक्रम 6 पौंड 3 औंस आहे. जुनी मंडळी दोन पौंडांच्या पर्चलाही टोपी काढतात, त्यालाही कारण आहे: 1976 मध्ये विंडरमिअर सरोवरातले बहुतेक सगळे मोठे पर्च रोगाने मेले होते, आणि त्या काळात इतर अनेक तळ्यांतही पर्च दिसेनासा झाला होता.

प्रश्न: माझ्या मुलीने धरलेल्या पर्चने गळ पार घशात गिळला होता. काढताना रक्त आलं आणि ती रडायला लागली. हे टाळता येतं का? – स्विंडनहून एक वाचक

बऱ्याच अंशी टाळता येतं. पर्चचं तोंड मोठं आणि तो हावरट. टेंचसारखी वाट बघत बसलात तर तो गिळणारच. फ्लोट सरकला की लगेच ओढा. एखादा सुटेल, सुटू दे. रॉड ठेवून चहा करायला जाणं तर अजिबात नको. गळ बारीक नको, सहाचा वापरा. मोठा गळ तोंडाच्या कडेला लागण्याची शक्यता जास्त. आणि वजन हलकं ठेवा. ओढ जाणवली की पर्च आमिष सोडतो, म्हणून जड वजन लावून वर वाट बघणारे दोन्हीकडून फसतात.

तरीही गिळलाच तर कल्ल्यांत बोटं घालू नका. गळ दिसत असेल तर डिसगॉर्जर (गळ सोडवायची खाचेची काडी) दोरीवरून सरकवत गळाच्या वळणापर्यंत न्या, हळूच खाली दाबा, सुटला की बाहेर काढा. दिसतच नसेल तर दोरी जितकी जवळून कापता येईल तितकी कापून मासा सोडा. ओढाताण करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मुलीला धरायलाही शिकवा. पाठीवर दोन पर असतात, पुढचा काटेरी. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर काटे खाली बसतात, उलटा फिरवला की हातात घुसतात. कल्ल्याच्या झाकणावरही मागच्या बाजूला एक टोकदार काटा असतो. तो कोणी सांगत नाही, बोटाला कळतो.

प्रश्न: दोन दिवसांसाठीच जायचं आहे, तळं खासगी आहे. तरी परवाना लागतो का? मुलगा चौदा वर्षांचा आहे. – रीडिंगहून एक वाचक

लागतो. तळं कोणाचंही असो, इंग्लंडमध्ये 13 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड परवाना हवा. तुमच्या मुलाला तो फुकट मिळतो, पण काढावा लागतो. 13 ते 16 वयाला तशी सोय आहे. तुम्ही एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा घेऊ शकता. दोन रॉडांना एक परवाना चालतो, तीन रॉड लावणार असाल तर तीनचा वेगळा. दोन टोकांच्या रॉडांच्या मुठींमधलं अंतर तीन मीटरच्या आत हवं, आणि पाण्यात टाकलेला रॉड सोडून निघून जाणं हा गुन्हा आहे. मालकाला दिलेले पैसे वेगळे, ते परवान्यात धरले जात नाहीत.

15 मार्च ते 15 जून हा बंदीचा काळ नद्यांना लागू आहे. बहुतेक तळ्यांवरून तो 1995 मध्ये उठला, तरी काही मालक आणि क्लब अजूनही पाळतात, तेव्हा विचारून घ्या.

प्रश्न: मोठा पर्च मिळाला तर घरी आणून तळता येईल का? चवीला छान असतो म्हणतात. – बर्मिंगहॅमहून एक वाचक

असतो. पण तळ्यातला मासा मालकाच्या लेखी परवानगीशिवाय न्यायचा नाही, आणि अशा तळ्यांवर ती बहुधा मिळत नाही. नदीतून पर्च, टेंच वगैरे लहान मासे दिवसाला 15 पर्यंत नेता येतात, तेही 20 सेंटिमीटरपर्यंतचेच. म्हणजे तुमच्या मनातला तो मोठा पर्च तिथेही पाण्यातच राहणार. तळायचा मासा मासेवाल्याकडून आणा.

प्रश्न: जुन्या सामानाच्या बाजारात पत्र्याच्या डबीत बारीक वजनाचे मणी मिळाले. जड आहेत, शिशाचे असावेत. वापरू का? – डर्बीहून एक वाचक

नको. 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं 1987 पासून बंद आहेत. काठावर सांडलेले मणी खड्यांसोबत गिळून हंस विषबाधेने मरत होते. आठ नंबरचे आणि त्याहून बारीक मणी तेवढे चालतात. डबी सुंदर असेल तर ठेवा, त्यात टंगस्टनचे मणी भरा.

प्रश्न: आमच्या गटात एक जण रात्रभर रॉडचा अलार्म (मासा लागला की वाजणारा) वाजवतो, दुसरा समोरच्याच्या जागेवर गळ फेकतो आणि तिसरा काठावर गाणी लावतो. मागच्या वर्षी भांडण झालं. यंदा काय करावं? – मिल्टन कीन्सहून एक वाचक

नियम आधी ठरवा, तळ्यावर गेल्यावर नाही. प्रत्येकाचं पाणी म्हणजे आपल्या काठापासून तळ्याच्या मध्यापर्यंत. त्यापलीकडे फेकणारा कितीही जवळचा मित्र असो, त्याला त्याच वेळी सांगा, मनात ठेवून संध्याकाळी भांडू नका. अलार्मचा आवाज रात्री सर्वांत खाली. टेंच फ्लोटवर धरणाऱ्याला अलार्मची गरजच नसते, असं माझं ठाम मत आहे. मित्र नाही म्हणतील, म्हणू देत. गाणी आणि शेगडी पाण्यापासून लांब, सगळ्यांची एकच जागा. बोलण्यापेक्षा काठावरची धपधप जास्त नडते, जमिनीतून ती सरळ पाण्यात जाते. खुर्ची ओढत नेणाऱ्याला उचलून न्यायला सांगा.

आणि एक जण तरी असा नेमा जो सगळ्यांची हातजाळी निघण्यापूर्वी धुऊन वाळवली आहेत का ते बघेल. ओलं जाळं गाडीत टाकून दुसऱ्या तळ्यावर गेलात तर एका पाण्याचा रोग दुसऱ्यात जातो. बऱ्याच तळ्यांवर फाटकाजवळच जंतुनाशकाची टाकी असते, त्यात आधी जाळं बुडवा, मग जागेकडे चला.

प्रश्न: काठालगत उथळ पाण्यात टेंच एकमेकांना रेटत, पाणी खळबळवत होते. दहा-बारा तरी असतील. आम्ही समोर मका टाकला, एकानेही तोंड लावलं नाही. का? – नॉर्थॅम्प्टनहून एक वाचक

ते अंडी घालत होते. मेअखेरीपासून जुलैपर्यंत पाणी चांगलं उबदार झालं की हे चालतं. तेव्हा त्यांना खाण्यात रस नसतो. त्या भागात गळही टाकू नका, पाण्यात उतरू नका. शक्यतो तळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसा. पर्चचं हे सगळं एप्रिल-मेमध्येच उरकलेलं असतं, तेव्हा पूर्ण वेळ त्याच्याच मागे लागा.