टेक्ससमध्ये पेशंट केअर टेक्निशियन होण्यापूर्वी सोलापुरात काय शिकून घ्यावे

ताई,

तुम्ही विचारलेले थोडक्यात असे आहे. तुम्ही पुढच्या वर्षी पतीबरोबर ग्रीन कार्डावर टेक्ससला येणार आहात. तुमचे शिक्षण सोलापुरात मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंत झाले आहे, आणि इथे येऊन पेशंट केअर टेक्निशियनचे प्रशिक्षण घेण्याचा तुमचा विचार आहे. त्यासाठी पायाभूत ज्ञान कोणते लागते, आणि सात रस्त्याजवळच्या एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा रुग्णसेवा कोर्स करूनच निघावे का, असे तुम्हाला विचारायचे आहे. शिवाय ‘म्हणजे आयाचेच काम ना?’ हा सासूबाईंचा प्रश्न आहे. मी मूळची सोलापूरचीच असून सध्या डॅलसजवळच्या एका हॉस्पिटलात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्सचे आधी सांगते, कारण त्यात तुमचे पैसे जाणार आहेत. केवळ प्रमाणपत्रासाठी तो करू नका. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या नर्स एडसाठी, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसांसाठी, १९८७च्या केंद्रीय कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले आहे, त्यातले निदान १६ तास देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात, आणि ते प्रशिक्षण त्या त्या राज्याने मान्य केलेल्या संस्थेतच घ्यावे लागते. टेक्ससने ही मर्यादा वाढवून १०० तास केली आहे, म्हणजे ६० तास वर्गात आणि ४० तास रुग्णांजवळ. त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दुहेरी परीक्षा होते व राज्याच्या नोंदवहीत नाव लागते. सलग २४ महिने पगारी काम केले नाही, तर ती पात्रता संपते आणि पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षेला सामोरे जावे लागते. सोलापुरातल्या प्रमाणपत्राने या नोंदवहीत नाव लागणार नाही. पेशंट केअर टेक्निशियन ही याच्या पुढची पायरी समजा. नर्स एडचे काम, त्यात रक्त काढणे, ईकेजी (आपण ज्याला ईसीजी म्हणतो तो) काढणे आणि हृदय बंद पडल्यास करायचे प्राथमिक उपचार यांची भर, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशन या संस्थेची या कामाची स्वतंत्र परीक्षा आहे आणि तिचे प्रमाणपत्र दर २ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मात्र कोणती कामे टेक्निशियनकडे द्यायची, हे प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या नियमांप्रमाणे ठरवते. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असल्याने नोकरीची अडचण नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या पतीबरोबर, येणाऱ्या बहिणींना वर्गात बसता येते, पण कामाचा वेगळा परवाना मिळाल्याशिवाय पगारी नोकरी करता येत नाही, आणि हे फी भरण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे सिव्हिलमध्ये रुग्ण दाखल झाला की त्याच्याबरोबर घरचे एक माणूस राहते. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलून देणे, लघवीचे भांडे देणे ही कामे ते माणूस करते किंवा मावशींना सांगते, आणि सिस्टर औषधे, इंजेक्शने व सलाईन पाहतात. इथे घरची माणसे भेटून जातात, त्यांनी ही कामे करावीत अशी अपेक्षा नसते. ती सगळी टेक्निशियन करतो, आणि तोच बीपी घेतो, बोटातून रक्त घेऊन शुगर तपासतो, शिरेतून रक्त काढतो, छातीला ईकेजीच्या तारा लावतो. तेव्हा सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते तसेच मान्य करावे. परक्या माणसाचे मलमूत्र हाताळताना ज्याला किळस आवरत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ही दोन प्रकारची कामे एकाच माणसाकडे असण्यात मोठा अर्थ आहे. नर्सकडे एका वेळी अनेक रुग्ण असतात, आणि रुग्णाच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ हात लागतो तो आपला. अंघोळ घालताना पाठ दिसते, भरवताना ठसका ऐकू येतो, उठवून बसवताना कालच्यापेक्षा आज पाय लटपटतो आहे हे कळते. पाहणे, मोजणे आणि जे आढळले ते वेळेवर नर्सला सांगणे यावरच हे सारे काम उभे आहे, आणि पायाभूत ज्ञान लागते तेही त्याचसाठी.

मोजण्यात पहिल्या येतात नाडी, श्वास, रक्तदाब, ताप आणि रक्तातील प्राणवायू. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, रक्तदाब १२०/८०च्या खाली आणि प्राणवायू ९५ टक्के किंवा अधिक, एवढे आकडे तोंडपाठ असावेत. पण आकडे पाठ असणे सोपे आणि मोजणे अवघड आहे. श्वासाचेच उदाहरण घ्या. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असे म्हटले की माणूस नकळत श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगटावरची बोटे तशीच ठेवायची, नजर छातीकडे वळवायची आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट छातीचे वरखाली होणे मोजायचे. बाकीची मापे यंत्र देते, श्वासाची गती मात्र डोळ्यांनीच मोजायची असते, म्हणून अंदाजाने १६ किंवा १८ लिहून मोकळे होण्याचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो. प्रकृती बिघडू लागल्याची खूण पुष्कळदा श्वासाच्या वाढत्या गतीत सर्वांत आधी दिसते, हे लक्षात घेतले तर हा मोह किती महागात पडू शकतो ते समजेल.

रक्तदाबाचेही तसेच. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर आकडा खोटा वर जातो, मोठा असला तर खाली येतो. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा, पाठ टेकलेली हवी, पायावर पाय नको आणि मापताना बोलणे नको. ज्या बाजूचे स्तन शस्त्रक्रियेने काढले आहे त्या बाजूच्या, किंवा ज्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडून घेतली आहे त्या हातावर पट्टा बांधायचा नसतो. हे न विचारता पट्टा गुंडाळणारा माणूस आकडे कितीही अचूक वाचत असला तरी कामाचा नाही. घरी बीपीचे मशीन असेल तर आजपासून घरातल्या सगळ्यांचे याच शिस्तीने मापून पाहा.

त्वचेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा हा मुख्य शत्रू आहे. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे अशा हाडाच्या उंचवट्यांवर शरीराचा भार सतत राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोर होतात. म्हणून हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदलण्याची रीत आहे. पुस्तकात ‘लाल डाग दिसतो, बोटाने दाबल्यावर तो पांढरा होत नाही’ असे लिहिलेले असते, पण गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असे नाही. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा मऊ लागते का हे पाहावे. रुग्णाला वर सरकवताना चादरीवरून ओढायचे नाही, कारण घासण्याने कातडी सोलते. खाली घातलेल्या दुहेरी चादरीला दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायचे. एकटीने उचलण्याचे शौर्य करू नये, त्यात आपली कंबर जाते.

पोटात गेलेले आणि बाहेर आलेले पाणी मोजणे हे वरकरणी क्षुल्लक वाटेल, पण हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णाच्या औषधाची मात्रा त्यावरून ठरू शकते. इथे पेले औंसात मोजतात आणि नोंद मिलिलिटरमध्ये होते, म्हणून १ औंस म्हणजे ३० मिलिलिटर हा हिशेब तोंडी यावा. बर्फाचे तुकडे दिले तर त्यांच्या निम्मे पाणी धरतात. वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहितात, तो आपल्या रेल्वेमुळे तुम्हाला नवा नाही. तारखेचा मात्र घोटाळा होतो, कारण इथे महिना आधी आणि दिवस नंतर येतो, आणि रुग्णाची ओळख नाव व जन्मतारीख या दोन्हींवरून पटवायची असल्यामुळे ती सवय लवकर लावून घ्यावी लागते. साखर मात्र दोन्ही देशांत एकाच मापात मोजतात, आणि ती ७०च्या खाली गेली की उशीर न करता नर्सला सांगायचे.

रक्त काढण्याचा हात इथे आल्यावरच बसेल. त्यामागची कारणे मात्र आधी समजून घेता येतील. नळ्यांच्या झाकणांचे रंग त्यांतल्या रसायनांप्रमाणे ठरलेले असतात, आणि त्या भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. रक्तातल्या जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या आधी, मग फिकट निळी, त्यानंतर लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी. जांभळ्या नळीत पोटॅशियम असलेले रसायन असते. तिच्यातला अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते, आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होऊ शकतो. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि नळ्यांवर नावाची चिठ्ठी रुग्णासमोरच चिकटवायची.

जंतुसंसर्गाबद्दल कोविडच्या काळात सगळ्यांनी पुष्कळ ऐकले असल्याने एकच गोष्ट सांगते. सॅनिटायझर सगळीकडे चालत नाही. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे जुलाब होत असलेल्या रुग्णाला हाताळल्यावर हात साबण आणि पाण्यानेच धुवावे लागतात, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

मर्यादा ओळखणे हाही पायाचाच भाग आहे. आपण औषध देत नाही, निदान सांगत नाही, आणि ‘काही नाही, बरे होईल’ असा दिलासाही देत नाही. नर्सला सांगताना ‘यांना बरे वाटत नाही’ असे न म्हणता ‘सकाळी श्वास १६ होता, आता २६ आहे, आणि वाक्य पूर्ण करताना थांबावे लागते आहे’ असे सांगायचे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा १९९६चा कायदा इथे फार कडक पाळला जातो, तेव्हा ‘आपल्या अमक्यांचे सासरे आमच्याकडे दाखल आहेत’ हे फोनवर आईलाही सांगता येत नाही. पडदा ओढल्याशिवाय आणि परवानगी घेतल्याशिवाय अंगावरचे पांघरूण काढायचे नाही, आणि रुग्ण नको म्हणाला तर ते त्याच्या हक्कातले आहे.

भाषेची भीती तुम्ही लिहिली आहे. तुम्हाला घरची मराठी, शेजारची तेलुगू आणि बाजारापुरती कन्नड येते, हे सोलापूरचे देणे इथे उपयोगी पडते. डॅलसच्या आसपास तेलुगू भाषिक कुटुंबे पुष्कळ आहेत आणि इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या आजोबांना ‘पाणी हवे का’ असे त्यांच्या भाषेत विचारले की ते सैल होतात. परंतु शस्त्रक्रियेची संमती किंवा डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगायला पात्र दुभाषी बोलवायचा असतो, ते काम आपण अंगावर घ्यायचे नाही. तुमच्या इंग्रजीसाठी अकरावी-बारावीची जीवशास्त्राची इंग्रजी माध्यमाची पुस्तके घ्या आणि त्यांतली रक्ताभिसरण, श्वसन, उत्सर्जन व पचन ही प्रकरणे नीट वाचा. कथा-कादंबऱ्या वाचून जे शब्द मिळणार नाहीत ते तिथे मिळतील.

कागदपत्रांत दोन गोष्टींना वेळ लागतो. पहिली नावाची. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचे आणि अर्जावरचे नाव जुळले नाही तर बसू देत नाहीत, आणि आपल्याकडे गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव, पासपोर्टवर पतीचे आणि जन्मदाखल्यावर तिसरेच स्पेलिंग असे सर्रास असते. महापालिकेतून आणि बोर्डातून जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते तिथे असतानाच करून घ्या.

दुसरी लसीकरणाची. रुग्णांजवळ पाठवण्यापूर्वी प्रशिक्षण संस्था गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसीची नोंद किंवा प्रतिकारशक्तीचा रक्ताचा अहवाल मागतात, आणि क्षयाची तपासणी करतात. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे कातडीवरची क्षयाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून त्याऐवजी रक्ताची चाचणी मागून घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस साधारणपणे ३ डोसांत असते, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ती झालेली नसेल तर पहिला डोस याच महिन्यात घ्या आणि प्रत्येक डोसची तारीख, शिक्का व डॉक्टरांची सही असलेला कागद इंग्रजीत मागा. निघेपर्यंत तिसरा डोस राहिलाच, तर तो इथे घेता येतो, मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.