स्मरणिकेचा मजकूर आणि छायाचित्रे डीटीपीला देण्यापूर्वी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे काही लेख वर्डमध्ये, काही व्हॉट्सॲपवर आणि काही हस्तलिखित आले आहेत, जुनी छायाचित्रे अल्बममध्ये आहेत, आणि हे सारे इंदूरच्याच डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांकडे) कसे द्यावे, असे आपण विचारले आहे.

मानधन, मुदत हे विषय नंतर काढावेत. आधी ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कोणत्या फॉन्टमध्ये काम करतात हे विचारावे. आपल्याकडे बहुतेक काम हिंदीचे असल्यामुळे अनेक ठिकाणी अजून पेजमेकर हे पाने लावण्याचे जुने सॉफ्टवेअर आणि कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट हीच जोडी चालते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची असून तिला युनिकोड, म्हणजे मोबाइलवर आणि आजच्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती, कळत नाही. म्हणजे मोबाइलवर टंकलेला आपला प्रत्येक लेख कन्व्हर्टरमधून (युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून) जाणार, आणि मराठी मजकुराची मोडतोड नेमकी तिथेच होते. म्हणून सगळे लेख देण्यापूर्वी एक छोटा उतारा चाचणीसाठी द्यावा. त्यात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲड.’, ‘विद्यार्थ्यांना’, ‘बाळगोपाळ’ असे शब्द मुद्दाम घालावेत आणि रूपांतरानंतरची छापील प्रत मागून घ्यावी. ते इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर काम करत असतील तर उत्तमच, मात्र तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर हा देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. ल आणि श यांची मराठी वळणे हवी असतील तर फॉन्ट त्याच वेळी ठरवावा, कारण हिंदीसाठी घडवलेल्या फॉन्टमध्ये ती सहसा मिळत नाहीत.

हस्तलिखित लेख मराठी जाणणाऱ्यानेच टंकावेत, असा माझा आग्रह आहे. हिंदी टंकणाऱ्याच्या हातून ‘कवी’चा ‘कवि’ सहज होतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रत्येक लेखाची स्वतंत्र फाइल करावी, शुद्धलेखन आधीच तपासून घ्यावे, आणि स्पेस देऊन ओळी सरळ करणे, चौकटी, रंगीत शीर्षके असले काही करू नये. ते सर्व पुढे काढूनच टाकावे लागते.

छायाचित्रे वर्डमध्ये चिकटवून देऊ नयेत, कारण फाइल जतन करताना वर्ड ती सहसा आकसून टाकतो. छपाईसाठी प्रत्यक्ष छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतात, म्हणजे १० सेंटिमीटर रुंद चित्राला सुमारे १२०० पिक्सेल आणि पूर्ण ए-४ पानाला २४८० बाय ३५०८. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र कोपऱ्यातल्या चौकटीला पुरते, पानभर लावले की चेहरे पुसट होतात, आणि फोटोशॉपमध्ये आकार वाढवून मूळचा तपशील परत येत नाही. पाठवणाऱ्याने ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा ड्राइव्हवर ठेवावे.

अल्बममधली जुनी छायाचित्रे मोबाइलने टिपू नयेत, स्कॅन करावीत. लहान छायाचित्र दुप्पट मोठे छापायचे असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. कृष्णधवल छायाचित्र पिवळे पडलेले असले तरी रंगीत स्कॅन घ्यावा, म्हणजे डाग काढायला अधिक वाव राहतो. वर्तमानपत्राच्या कात्रणासाठी स्कॅनरमधला डीस्क्रीन हा पर्याय लावावा, नाहीतर छापल्यावर त्यावर जाळी उमटते. फाइलीचे नाव लेखाच्या क्रमांकावरून ठेवून छायाचित्रांखालच्या ओळी वेगळ्या फाइलीत द्याव्यात; समूहचित्रातली नावे डावीकडून उजवीकडे, ज्येष्ठांना विचारून, आताच लिहून घ्यावीत. हे काम प्रेसच्या घाईत कधीच होत नाही, आणि मग पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यकारिणीतली माणसे निनावी छापली जातात.

जाहिरातदारांकडून लोगो कोरलड्रॉ किंवा पीडीएफमध्ये मागावा, व्हिजिटिंग कार्डाचा फोटो घेऊ नये. कडेपर्यंत रंग असलेल्या जाहिरातीला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवायला सांगावे. पडद्यावरचा झगझगीत केशरी रंग सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या, छपाईत मंद दिसतो, हे मुखपृष्ठ ठरवतानाच लक्षात घ्यावे. मधोमध पिना मारायच्या असतील तर पृष्ठसंख्या चारच्या पटीत बसवावी.

प्रूफ पडद्यावर न वाचता कागदावर वाचावे आणि सगळ्यांच्या दुरुस्त्या एकाच प्रतीवर एकाच व्यक्तीने लाल शाईने उतरवाव्यात. पाने लागल्यानंतर वर्डची सुधारित फाइल पुन्हा पाठवू नये, कारण तो लेख परत कन्व्हर्टरमधून जातो आणि आधी काढलेल्या चुका पुन्हा शिरतात.