स्कॅनर घेण्याआधी त्या गिअरची जागा मोजा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: हिंगणा एमआयडीसीत तुमच्या दोन सीएनसी मशिनी आहेत. जिनिंगवाल्यांचे आणि खाणीतल्या पंपांचे मोडके भाग तुमच्याकडे येतात, ड्रॉइंग कोणाकडेच नसतं. आत्ता एका जुन्या विलायती मशीनचा ३० दात्यांचा गिअर आलाय. बाहेरचा व्यास १०१.४ मिमी भरतो आणि तो कुठल्याच मोड्युलात (दात्याच्या आकाराचं मेट्रिक माप) बसत नाही. तर कर्ज काढून हँडहेल्ड थ्रीडी स्कॅनर घ्यावा का?

भाऊ, यावर्षी तरी नका घेऊ. स्कॅनर वाईट असतो म्हणून सांगत नाही, माझ्याकडे स्वतःकडे आहे. पण घेतल्यावर पहिल्याच मोठ्या कामात माझं नाक कापलं गेलं, ते ऐका.

उमरेडकडच्या एका खाणीतून पाणी उपसणाऱ्या पंपाचा इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक) आला होता. पांढरा स्प्रे मारला, स्कॅन केला, दोन रात्री बसून मॉडेल बनवलं. मॉडेल आणि स्कॅन एकमेकांवर ठेवून फरकाचा रंगीत नकाशा काढला, तर सगळीकडे हिरवंगार, म्हणजे फरक नाहीच. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) केला, ओतला, बॅलन्स करून दिला. चालू केला तर पाणी वरपर्यंत चढेना. तिथला म्हातारा फिटर हातात इम्पेलर घेऊन म्हणाला, "साहेब, तुमी तं झिजेल इम्पेलरच नवा करून देल्ला!" खरंच होतं. कोळशाच्या गाळाने पात्यांची टोकं खाल्ली होती, व्यास मूळच्यापेक्षा साधारण ५ टक्क्यांनी कमी झाला होता. पंपाचं हेड (पाणी किती उंच चढतं ते) व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतं, म्हणजे ५ टक्के व्यास गेला की जवळपास १० टक्के हेड गेलंच. आणि तो हिरवा नकाशा? मी झिजलेल्याची तुलना झिजलेल्याशीच करत होतो, हिरवाच येणार!

त्यात आणखी एक भानगड असते. कधी कधी इम्पेलर मुद्दाम लेथवर कमी केलेला असतो, पंप कामाला जुळावा म्हणून. मग व्यास कमी दिसला की तो झिजलाय की कापलाय, हे एकट्या इम्पेलरवरून ठरत नाही. टोकं गोल आणि खडबडीत असतील तर झीज, एकसारखी तासलेली असतील तर कापणी. शिवाय केसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) आतला व्यास, नेमप्लेटवरचं हेड आणि आरपीएम, हे सगळं जाऊन बघावं लागतं. मी गेलो नव्हतो. सावनेर असो की उमरेड, आता मी भाग उचलायला स्वतःच जातो.

तुमच्या गिअरचं कोडं तर स्कॅनरशिवाय सुटतं. साध्या गिअरचा बाहेरचा व्यास म्हणजे दाते अधिक २, गुणिले मोड्युल. म्हणून ३० मध्ये २ मिळवा, १०१.४ ला ३२ ने भागा, ३.१६९ येतं. मोड्युल ३ असतं तर व्यास ९६ आला असता, ३.२५ असतं तर १०४. म्हणजे दोन्ही नाही. आता इंचात विचार करा. तिथे दात्याचं माप डीपीत, म्हणजे डायमेट्रल पिचमध्ये देतात. ८ डीपी म्हणजे २५.४ भागिले ८, म्हणजे ३.१७५ मोड्युल, आणि त्याचा व्यास बरोबर ४ इंच, १०१.६ मिमी. जे ०.२ कमी दिसतंय ती टोकांची झीज असावी. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून नागपुरात इंचाच्या मशिनी आहेत, त्यामुळे मोड्युल जुळला नाही की पहिला संशय डीपीवर घ्यायचा.

पण एवढ्यावर गिअर कापायला देऊ नका, प्रेशर अँगल (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) राहिला. जुन्या इंग्रजी गिअरात साडेचौदा अंश बऱ्याचदा सापडतो, आपण सवयीने २० धरतो. व्हर्निअरच्या जबड्यात आधी तीन दाते एकत्र धरून माप घ्या, मग चार. दोन्ही मापांतला फरक म्हणजे बेस पिच. ८ डीपीला तो ९.३७ च्या आसपास आला तर २० अंश, ९.६६ च्या आसपास आला तर साडेचौदा. पाव मिलिमीटरहून जास्त फरक आहे, साध्या व्हर्निअरलाही कळतो. वजाबाकी केल्याने दोन्ही मापांतली सारखी झीज आपोआप कटते, ही यातली गंमत. चार-पाच ठिकाणी घ्या आणि दात्याची जी बाजू कमी भार घेते तिथे घ्या.

मग मशीनपाशी जा आणि दोन्ही शाफ्टमधलं अंतर मोजा. शाफ्टच्या बाहेरून बाहेर माप घ्यायचं आणि दोन्हींचे अर्धे व्यास वजा करायचे. जोडीचा गिअर ९० दात्यांचा असेल तर हे अंतर साडेसात इंच, १९०.५ मिमी यायला हवं. थोडं वेगळं आलं तर गिअरला प्रोफाइल शिफ्ट (दाते मुद्दाम थोडे बाहेर किंवा आत सरकवून कापणं) दिलेला असू शकतो, आणि तो न कळता कापला तर बसेल पण आवाज करेल. हे अंतर झिजत नाही. माझा सगळ्यात जास्त विश्वास अशाच मापांवर असतो.

बेअरिंग सीटचंही, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागेचंही, असंच. शाफ्ट २४.९१ दिसला म्हणून कॅडमध्ये २४.९१ लिहिणारी पोरं मी पाहिलीत. शेजारी ६२०५ बेअरिंग पडलंय, त्याचा बोअर २५ आहे, मग शाफ्ट २५ केसहा (k6, घट्ट बसणीची ठरलेली सूट), म्हणजे २५.००२ ते २५.०१५. आट्यांना पिच गेज लावताना कोनही बघा. व्हिटवर्थच्या १८४१ च्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. अर्ध्या इंचाला बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ) १२ आटे प्रति इंच, यूएनसी (अमेरिकन) १३.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे, आपल्या शेडमध्ये मे महिन्यात ४४ असतं. लोखंडी भाग आणि लोखंडी व्हर्निअर दोन्ही सारखेच तापले तर फरक कटतो. पण ३०० मिमीचं ॲल्युमिनियम हाउसिंग मोजलं तर साधारण ०.०८ मिमी जास्त दिसेल. बाहेर उन्हात ठेवलेला भाग आणि कूलरसमोरचा मायक्रोमीटर, ही जोडी तर कधीच जमवू नका. बऱ्याच हँडहेल्ड स्कॅनरची कामाची मर्यादाही ४० अंशांपर्यंतच असते. रात्रभर भाग आत ठेवा, सकाळी सातला मोजा.

स्कॅनर खरा कामाला येतो तो ओतीव केसिंग, वळणदार पाती, मोल्डच्या पृष्ठभागावर, जिथे व्हर्निअरचा जबडा टेकायलाच जागा नाही. असं काम महिन्याला एखादं येत असेल तर जॉबवर्कने करून घ्या. फाइल घेताना नुसती एसटीएल घेऊ नका. ती म्हणजे लाखभर त्रिकोण, तिच्यात ना एकक ना बोअरचा व्यास. त्यावर बसवलेलं पॅरामेट्रिक (खऱ्या मापांनी बनवलेलं) मॉडेल स्टेप फाइलमध्ये मागा, आणि सपाट ती सपाट, गोल ती गोल केलीय का ते बघा. ओतकाम करायचं असेल तर आकसण्याची सूट पॅटर्नमध्ये द्यायची, कास्ट आयर्नला साधारण १ टक्का, स्टीलला २. मॉडेल मात्र तयार भागाच्या मापाचंच ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणती फाइल कोणती ते तुम्हालाच कळणार नाही.

धातू हातातल्या एक्सआरएफ गनने (एक्स-किरणांनी घटक ओळखणारं यंत्र) तपासून स्टील ईएन८ की ईएन९ ठरवत असाल तर कार्बन त्यात दिसत नाही हे धरून चाला. तुकडा स्पेक्ट्रोला (कार्बनसकट घटक मोजणारी लॅबमधली चाचणी) द्या, हार्डनेस आधी घ्या. आणि चालू मॉडेलचा भाग कोणी कॉपी करायला आणला तर आधी पेटंट आणि डिझाइन नोंदणी बघा. पेटंट २० वर्षं चालतं, डिझाइन १० अधिक ५.

आता तीन आणि चार दात्यांवरची मापं, शाफ्टमधलं अंतर आणि जोडीच्या गिअरचे दाते एवढं कळवा. रुंदी आणि की-वे नंतर बघू.