कार्यालयाच्या छतावरची वीज

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायत कार्यालयाला महिन्याला सुमारे ३५० युनिट वीज लागते. छतावर सौर पॅनेल बसवावेत असा सदस्यांचा आग्रह आहे, पण एकरकमी पैसे उभे करणे कठीण आहे. घरांसाठीचे अनुदान आम्हाला मिळेल का, आणि वीज गेल्यावर संगणक चालू राहतील का?
– एक सरपंच, सोलापूर जिल्हा

उत्तर : आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण बहुतेक कार्यालयांची निराशा तिथेच होते. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेली साधी सौर यंत्रणा तिथला पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडते, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून उलट गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही तरतूद असते आणि ती असायलाच हवी. दाखले देणारा संगणक व प्रिंटर चालू ठेवायचा असेल, तर तेवढ्यापुरतीच बॅटरी घ्यावी. सगळ्या इमारतीसाठी घेतल्यास स्वस्त विजेचा हिशेबच कोलमडतो.

१ किलोवॅटमागे आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात आणि साधारण १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे तुम्हाला ३ किलोवॅट पुरेल. सुट्टीच्या दिवशी उरलेली वीज नेट मीटरमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली आणि तिथून घेतलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमुळे, बिलात वळती होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान मात्र घरगुती ग्राहकांसाठीच आहे. पैसे न गुंतवता वीज घ्यायची तर रेस्को पद्धत आहे : विकासक, म्हणजे सौर कंपनी, स्वखर्चाने यंत्रणा बसवतो व सांभाळतो, आणि कार्यालय ठरलेल्या दराने फक्त युनिटांचे पैसे देते. एकट्या ३ किलोवॅटसाठी कोणी विकासक फिरकणे अवघड, म्हणून तालुक्यातील ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य उपकेंद्रे यांची एकत्रित निविदा निघावी यासाठी पंचायत समिती व महाऊर्जा (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेसाठीची संस्था) यांच्याकडे पाठपुरावा करा.

ठराव करण्यापूर्वी छतावर जाऊन सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखून घ्या, कारण एका पॅनेलवर सावली पडली तरी एकत्र जोडलेल्या रांगेचे उत्पादन घटू शकते. एका शाळेच्या छतावर मी पॅनेलवरून बोट फिरवले, तर धुळीत स्पष्ट रेघ उमटली; धुवायला छतावर नळच नव्हता. स्वखर्चाने बसवणार असाल तर तो नळ आणि ५ वर्षांची देखभाल अंदाजपत्रकातच धरा.