अधिवेशन ‘पुढे’ आणायचे की ‘अलीकडे’?

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे: त्यांच्या नागरिक मंडळाला सरकारकडे एक निवेदन द्यायचे आहे. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन एरवी जूनअखेरीस किंवा जुलैत सुरू होते, तोवर नाले तुंबून मोकळे झालेले असतात. म्हणून ते दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावे, अशी मागणी. मसुद्यात एकाने लिहिले ‘अधिवेशन पुढे आणावे’, दुसऱ्याने ते खोडून ‘मागे घ्यावे’ केले, तिसऱ्याने ‘प्रीपोन करावे’ सुचवले. यातले बरोबर कोणते?

‘मागे घ्यावे’ आधी काढून टाका. मराठीत तक्रार मागे घेतात, उमेदवारी अर्ज मागे घेतात, विधेयकही मागे घेतात. अधिवेशन मागे घ्या म्हणजे ते घेऊच नका, असा अर्थ होईल. ‘प्रीपोन’ कार्यालयात बोलताना चालते. निवेदनात मी ते लिहिणार नाही, कारण मराठीत त्यासाठी चांगला शब्द आहे.

‘पुढे’ची गोष्ट वेगळी. काळाबद्दल बोलताना आपले पुढे म्हणजे नंतर: ‘पुढचं पुढे बघू’, ‘पुढच्या महिन्यात’. २०२२ मध्ये १८ जुलैला ठरलेले पावसाळी अधिवेशन पुढे गेले आणि १७ ऑगस्टला सुरू झाले. ‘पुढे गेले’ याबद्दल कोणाला शंका येत नाही. ‘पुढे आणले’ म्हटले की मात्र वाचणारा अडखळतो. ‘पुढे’ तारखेला लांब लोटते आणि ‘आणणे’ तिला आपल्याकडे ओढते. एकाच वाक्यात दोन दिशा.

मला ‘अलीकडे आणणे’ मनापासून आवडते. मी ठाण्यात राहतो. माझ्यासाठी ऐरोली खाडीपलीकडे, प्रश्नकर्त्यांसाठी ठाणे पलीकडे. जागेचे अलीकडे-पलीकडे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरते. म्हणूनच ‘पुलाच्या अलीकडे ये’ म्हटले की फोनवरचा माणूस विचारतो, कुठून अलीकडे? तारखेच्या बाबतीत हा घोळ होत नाही. मंत्री, सचिव, तुम्ही, मी, सगळे आजच्याच काठावर. तारीख अलीकडे आणली म्हणजे आपल्या काठाजवळ आणली, लवकर घेतली. नुसते ‘अलीकडे’ मात्र लिहू नका. ‘अधिवेशन अलीकडे सुरू झाले’ म्हणजे हल्लीच सुरू झाले. क्रियापद हवेच: अलीकडे आणावे, अलीकडे घ्यावे.

आणखी दोन शब्द मसुद्यात शिरू शकतात. ‘तहकूब’ होते ती दिवसाची बैठक. ‘संस्थगित’ होते ते अख्खे अधिवेशन, राज्यपालांच्या आदेशाने. सुरू होण्याच्या तारखेशी दोन्हींचा संबंध नाही.

पण तुमची मागणी दरवर्षीची आहे, आणि इथे ‘अलीकडे आणणे’ही अपुरे पडते. अलीकडे आणतात ती एकदा ठरलेली तारीख. तुम्हाला बदलायचा आहे तो प्रघात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये महिना लिहिलेला नाही. एका सत्राची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली यांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये, एवढेच बंधन आहे. (‘सत्र’ हा घटनेच्या मराठी पाठातला शब्द, मुळात अनेक दिवस चालणारा यज्ञ. आपण बोलतो ते अधिवेशन.) जून-जुलैत पावसाळी, डिसेंबरात नागपूरला हिवाळी, ही वहिवाट आहे. ती वाकलेलीही आहे. २०१८ साली पावसाळी अधिवेशन जुलैत नागपुरात भरले आणि हिवाळी नोव्हेंबरात मुंबईत. २०२० मध्ये करोनामुळे पावसाळी अधिवेशन सप्टेंबरात दोनच दिवसांचे झाले, नाव तरी पावसाळीच राहिले.

तेव्हा महिना स्पष्ट लिहा आणि ‘भरणे’ हे जुने, सरळ क्रियापद वापरा: ‘पावसाळी अधिवेशन दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरवण्याचा प्रघात पाडावा.’ यंदाची तारीख आधीच जाहीर झालेली असेल, तर त्याखाली दुसरे वाक्य जोडा: ‘यंदाचे अधिवेशनही शक्य तितके अलीकडे आणावे.’