रिकामी वाटी

प्रश्न : माई, मी वडगावात राहते, वय 41. सकाळी उठल्यापासून माझं तोंड चालूच असतं. नळाला पाणी नाही, पावसात कपडे वाळत नाहीत, नवरा चहाचा कप जागचा उचलत नाही. परवा मुलगा म्हणाला, "आई, तुझा रेडिओ बंद कर की!" फार लागलं. मैत्रीण म्हणाली, रोज रात्री वहीत दहा चांगल्या गोष्टी लिही. चार दिवस 'घर आहे, तब्येत बरी आहे' असं लिहिलं. पाचव्या दिवशी माझं मलाच हसू आलं. सगळं खोटं वाटतं. काय करू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : अगं, वही मिटलीस ते बरं केलंस. रोज दहा म्हणजे गृहपाठच की. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, मुलं तो कसा उरकतात ते मला विचार. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली छापलेल्या अभ्यासात एका गटाला अशा गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, पण आठवड्यातून एकदा आणि जास्तीत जास्त पाच. दुसऱ्या गटानं कटकटी लिहिल्या. दहा आठवडे हे चाललं आणि पहिला गट आपल्या आयुष्यावर जास्त समाधानी निघाला. तेव्हा वहीत दोष नाही, तुझ्या मैत्रिणीचा हिशेब चुकला.

माझी कुरकुर मात्र वहीनं नाही, गटारीनं कमी केली. शहापुरात आमच्या दारासमोरच्या गटारीवरच्या फरश्या फुटल्या होत्या. दोन पावसाळे मी बोलत होते. यजमानांना, दूधवाल्याला, माहेरी फोनवर. शेजारी कानडी अक्का राहतात. त्यांच्या टीव्हीच्या आवाजावरही मी बोलायची, पण भिंतीच्या अलीकडून. एक दिवस त्यांनीच विचारलं, "माई, अर्ज दिलाय काय?" दिला नव्हता. कचेरीत कानडीतून द्यावा लागेल, म्हणून आधीच रागावून बसले होते. अक्कांनी ओट्यावर बसून अर्धं पान लिहिलं, खाली मी मराठीत सही ठोकली. महिन्याभरात दोन फरश्या बसल्या. तिसरी अजून नाही. दुसरा अर्ज दिलाय.

आपल्याकडे गाऱ्हाण्याची सवय जुनी आहे आणि त्यातलं पुष्कळ खरं आहे. 1956 पासूनचं सीमाप्रश्नाचं दुखणं कुणी 'समाधान मान' म्हणून सोडून दे म्हणालं, तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही. पण त्या गाऱ्हाण्याला पत्ता आहे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नळाच्या पाण्याचं गाऱ्हाणंही असंच पत्त्यावर घाल, तारीख लिहून. चहाच्या कपाचा पत्ता म्हणजे तुझा नवरा. त्याला एकदा समोर बसवून सांग, मुलाच्या कानावर घालू नकोस.

आता कृतज्ञतेचं. तुझ्या वहीत 'घर आहे' होतं, माणूस एकही नव्हता. मला वाटतं, खोटं वाटलं ते त्यामुळे. आपल्यात धन्यवाद म्हणायची रीत नाही. घरात कुणी म्हणालं तर ताप आलाय का बघावं लागतं. आपली रीत भांड्याची. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

अर्जाच्या आठवड्यात अक्कांकडून शेंगाचटणी आली होती. स्टीलची वाटी, एका बाजूला पोचा, काठावर कानडीत कोरलेलं नाव. इतकी वर्षं ती वाटी आमच्याकडे येत-जात होती, त्या दिवशी पहिल्यांदा मी ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बेळगावी बासमतीचा भात टाकला, त्यातला गरम गरम घातला, वर तूप. अक्का दारातूनच वास घेऊन म्हणाल्या, "इतक्यात कशाला?" मी गटारीचं काही बोलले नाही. त्यांना कळलं.

तूही आठवड्यातून एकच माणूस धर. कपडे वाळत नाहीत म्हणतेस, मग पाऊस आला की तुझी दोरी ओढून घेणारी कुणीतरी गल्लीत असेलच. तिच्याकडे काहीतरी घेऊन जा. त्या दिवशीची वही लिहिली नाहीस तरी चालेल. आणि मुलाला सांग, रेडिओ बंद होणार नाही, आवाज मोठा झाला तर येऊन कमी कर.

अक्कांची वाटी कालपासून माझ्या ओट्यावर आहे. आज त्यांचा उपास, तेव्हा भात नको. शेंगदाण्याचे लाडू करावेत म्हणते.