क्रेन वर्कशॉपवाल्याने अडवली? आधी जॉब कार्ड उलटं करून वाचा

नागपूरजवळच्या वाडीच्या एका क्रेनवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. साइटवर आउटरिगरखालची (क्रेनला आधार देणाऱ्या बाजूच्या पायांखालची) भरावाची माती दबली, क्रेन कलंडली, बूम (वजन उचलणारा लांब हात) वाकला. हिंगण्याच्या एका वर्कशॉपने तो नीट करून दिला. बूमचं बिल द्यायला हे तयार आहेत, पण वर्कशॉपवाला म्हणतो तुमच्या दुसऱ्या क्रेनचे जुने अडीच लाख पण टाका आणि यार्डचं रोजचं भाडंही, नाहीतर गाडी हलणार नाही. चोरीची तक्रार देऊ का?

नका देऊ. क्रेन तुम्हीच नेऊन दिली, ठाण्यात सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवतील.

आता मुद्द्याचं. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872, कलम 170. ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला त्याच कामाची मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते, त्यामुळे बूमच्या बिलापुरता तो बरोबर आहे. पण त्याच कलमाखाली शिंप्याचं उदाहरण आहे, कोट शिवून होताच देतो आणि पैशाला तीन महिन्यांची उधारी असं कबूल केलं असेल तर पैशासाठी कोट अडवता येत नाही. तुमच्या वर्क ऑर्डरवर ‘डिलिव्हरीनंतर 45 दिवसांत पेमेंट’ असं आहे म्हणता, ते खरं असेल तर बूमच्या बिलासाठीही त्याची पकड ढिली होते.

जुन्या अडीच लाखांना कलम 171 लागतं. मागच्या हिशोबासाठी माल अडवायचा हक्क बँका, फॅक्टर (दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन विकणारा दलाल), व्हार्फिंजर (धक्क्यावर माल सांभाळणारा), हायकोर्टाचे ॲटर्नी आणि पॉलिसी ब्रोकर (विमा दलाल) एवढ्यांनाच (आम्हा वकिलांना मात्र पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 साली सांगितलंय). बाकी कुणाला नाही, स्पष्ट करार असल्याशिवाय. सगळी गोम इथे आहे. तुम्ही मला जॉब कार्डाचा, म्हणजे क्रेन कामाला घेताना वर्कशॉपने तुमची सही घेतलेल्या कागदाचा, पुढच्याच बाजूचा फोटो पाठवलाय, खाली तुमची सही दिसते आणि त्याच्या वर बारीक अक्षरात ‘अटी मागे पहा’. मागे ‘पूर्वीची थकबाकी भरेपर्यंत मशीन रोखून ठेवता येईल’ अशा अर्थाचं काही छापलं असेल तर अडीच लाखांचा वाद बराचसा तिथेच संपला. लाखोंची मशीन देताना कागद उलटून बघायला काय जातं भाऊ? आणि जॉब कार्ड वर्क ऑर्डरनंतरचं असेल तर उधारीची अटही वांध्यात येऊ शकते, तारखा बघा.

यार्डच्या भाड्याचं कुठेच लिहिलेलं नसेल तर ते टिकणं कठीण वाटतं, पण खात्री देत नाही.

मागे तसं काही नसेल तर बूमचं बिल वर्कशॉपच्या खात्यात टाका, लेखी नोटीस द्या. नाही सोडली तर कमर्शियल कोर्टात दावा, सोबत क्रेन ताब्यात मिळण्याचा तातडीचा अर्ज, वादातली रक्कम कोर्टात भरायची तयारी दाखवून. तो अर्ज खरोखर तातडीचा हवा, नाहीतर कमर्शियल कोर्ट्स ॲक्टच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थी, म्हणजे तीन महिने, वाढवून पाच, आणि नंतर तारखा वेगळ्याच, इकडे फायनान्सवाल्याचा हप्ता काही थांबत नाही. तोवर व्हॉट्सॲपवर ‘सगळं मिळून देऊन टाकतो’ असलं काही लिहू नका, त्याचा स्क्रीनशॉट कोर्टात तुमच्याच विरुद्ध लागेल.

आणि ताबा मिळाला तरी बूमच्या वेल्डिंगची तपासणी आणि सक्षम व्यक्तीकडून (अशा तपासणीची मान्यता असलेल्याकडून) लोड टेस्ट, म्हणजे वजन उचलून चाचणी, यार्डातच करून घ्या, सर्टिफिकेट घेऊन मगच गाडी बाहेर काढा. उद्या बुटीबोरीला पुन्हा बूम वाकला तर वेल्डिंग कच्चं की तुमच्या ऑपरेटरने जास्त वजन उचललं, हे सिद्ध करत बसाल.